मशीनमध्ये हात सापडला: अपघाताची सूचना कोणाला, किती तासांत आणि कोणत्या शब्दांत

प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या मशीनच्या विभागात, बोट गेले की ऑफिसात पहिला प्रश्न येतो, "हे कळवावे लागेल का?" भोसरी-चाकण असो, सातपूर-अंबड असो की वाळूज, या प्रश्नावर दोन दिवस जातात आणि तिसऱ्या दिवशी घाईघाईने नमुना भरला जातो. तोवर मशीन दुरुस्त होऊन चालू झालेले असते, गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावायचे संरक्षक आवरण) नव्याने रंगवून बसवलेला असतो आणि साक्षीदार हेल्पर दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलेला असतो. पुढच्या सगळ्या अडचणी या दोन दिवसांत तयार होतात. त्यामुळे सूचनेचे काम अपघाताच्या तासापासून धरायचे.

कळवायचा अपघात कोणता

कसोटी ४८ तासांची आहे. अपघातात मृत्यू झाला, किंवा जखमेमुळे माणूस अपघातानंतर लगेच ४८ तास वा त्याहून जास्त काळ काम करू शकला नाही, तर सूचना द्यावी लागते. १९४८च्या कारखाने अधिनियमात हे कलम ८८ होते. २१ नोव्हेंबर २०२५पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामकाजाची स्थिती संहिता, २०२० लागू झाली आणि तिच्या कलम १०मध्येही ४८ तास कायम आहेत. कारखान्याच्या बाबतीत सूचना पाठवण्याची जबाबदारी मालकाची किंवा व्यवस्थापकाची. सुपरवायझरने कळवले नाही, सेफ्टी ऑफिसर सुट्टीवर होता, ही कारणे चालत नाहीत.

नमुना आणि मुदत राज्याच्या नियमांत असते. महाराष्ट्रात आजवरचा आधार महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मधला नियम ११५. नव्या संहितेखालचे नियम आले की नमुन्याचा क्रमांक बदलतो, संहितेशी विसंगत नसलेले जुने नियम तोवर चालतात. म्हणून कॉम्प्युटरवर साठवून ठेवलेली जुनी फाइल भरू नका. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या 'डिश'च्या, संकेतस्थळावरून त्या दिवशी लागू असलेला नमुना घ्या. गोव्यात हे काम कारखाने व बाष्पके निरीक्षणालय पाहते आणि तिथले नियम वेगळे आहेत. दोन्हीकडे युनिट असलेल्या कंपन्या एकच छापील नमुना दोन्ही ठिकाणी वापरतात, तसे करू नये.

तास अपघाताच्या क्षणापासून मोजायचे. सोमवारी सकाळी ११.१०ला बोट चेपले आणि बुधवारी सकाळी ११.१०ला माणूस कामावर नसेल, तर ४८ तास भरले. मधली साप्ताहिक सुट्टी वजा होत नाही. रविवारी कारखाना बंद होता म्हणून रविवार धरला नाही, हा हिशेब हमखास चुकतो. कायदा माणूस काम करू शकत होता का हे विचारतो, कारखाना चालू होता का हे विचारत नाही.

दुसरी चूक 'हलक्या कामा'ची. बोटाला टाके असलेल्या ऑपरेटरला टाइम ऑफिसजवळ खुर्ची देऊन बसवतात, मस्टरवर हजेरी लावतात आणि अपघात कळवण्याजोगा नव्हता म्हणतात. त्याच माणसाला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) दवाखान्याने सात दिवसांचे विश्रांतीचे प्रमाणपत्र दिलेले असते. दोन्ही कागद पुढे एकाच टेबलावर येतात आणि मग उशिरा कळवल्याचा साधा मुद्दा खोट्या नोंदीवर जातो. डॉक्टरने खरोखरच ठरावीक कामाला योग्य म्हणून लिहून दिले असेल तर गोष्ट वेगळी. पण ते लेखी हवे आणि त्यात काम कोणते तेही हवे.

तिसरा प्रकार चकवणारा. माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येतो, चार दिवसांनी जखम चिघळते आणि मग आठवडाभर घरी बसतो. अशा वेळी तुटक गैरहजेरीची बेरीज करा आणि ४८ तास भरताच कळवा. 'लगेच नंतरचे ४८ तास नव्हते' या वाक्यावर वाद घालण्यात काही मिळत नाही.

पहिला तास: मशीनपाशी

माणूस आधी, हे सांगायला नको. तरी एक गोष्ट सांगावी लागते, कारण ती अजूनही चुकते. तुटलेले बोट थेट बर्फात टाकू नका. स्वच्छ गॉज सलाइनमध्ये ओला करून त्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवून रुग्णासोबतच पाठवा. बर्फाचा थेट स्पर्श झाला की पेशी गोठून मरतात आणि बोट पुन्हा जोडण्याची शक्यता खूप कमी होते. अंगठी असेल तर सूज चढायच्या आत काढा.

हात अजून डायमध्ये (आकार देणाऱ्या साच्यात) असेल तर रॅम, म्हणजे वरून खाली येणारा मशीनचा भाग, कसा वर घ्यायचा हे ठरवणारा माणूस सेटरच (डाय बसवून मशीन लावून देणारा) हवा. घाबरून कुणी मोटर उलटी फिरवण्याच्या किंवा पुन्हा पेडल दाबण्याच्या नादात दुसरी जखम करतो.

माणूस निघाला की मशीन आहे त्या स्थितीत बंद ठेवा. मेन आयसोलेटर बंद, कुलूप आणि टॅग, हवेचा पुरवठा तोडून लाइनमधला दाब मोकळा, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक. फ्लायव्हील (गती साठवणारे जड चाक) पूर्ण थांबेपर्यंत कुणाला जवळ जाऊ देऊ नका. मोटर बंद केल्यावरही साठलेल्या गतीवर एक स्ट्रोक (रॅमची एक खाली-वर फेरी) निघू शकतो. कुलूप लावण्याआधी स्विचच्या जागा हलवू नका आणि ज्या हलवाव्या लागल्या त्या लिहून ठेवा. सिलेक्टर स्विच कुठे होता, 'इंच'वर (थोडे थोडे हलवणे), 'सिंगल'वर (एकच स्ट्रोक) की 'कंटिन्युअस'वर (सलग स्ट्रोक), यावर अर्धी चौकशी उभी राहते.

फोटो दूरून जवळ घ्या: आधी पूर्ण मशीन आणि उभे राहण्याची जागा, मग डायचा भाग, गार्ड (बसवलेला, सुटा किंवा भिंतीला टेकवलेला), पेडल आणि त्यावरचे कव्हर, सिलेक्टर, हवेच्या दाबाचे गेज, नग काउंटरचा आकडा, मशीन क्रमांकाची पट्टी, डायवरचा क्रमांक. इंटरलॉकच्या (गार्ड उघडा असताना मशीन चालू न देणाऱ्या) स्विचवर तार बांधलेली किंवा चिकटपट्टी असेल तर तिचा फोटो वेगळा घ्या. ती काढून टाकण्याचा मोह होतो. पण तारेचे वळ आणि स्विचवरचा घासलेला डाग मागे राहतोच, आणि मग गार्ड निकामी केल्याच्या जोडीला पुरावा हलवल्याचाही प्रश्न उभा राहतो.

पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) असलेल्या मशीनवर अलार्मची यादी स्क्रीनवर दिसते, पण ती ठरावीक संख्येनंतर पुसली जाते. वीज बंद करण्याआधी तिचे फोटो घ्या. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरवरही जुने चित्रण आपोआप पुसले जाते. अपघाताच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा तास त्याच दिवशी पेनड्राइव्हवर काढून, पाकिटात घालून, त्यावर तारीख, वेळ आणि काढणाऱ्याची सही घ्या.

जबाब ज्याच्या त्याच्या भाषेत घ्या. ऑपरेटर बिहारचा असेल आणि कागदावर मराठीत 'माझ्या चुकीमुळे' असे लिहून खाली अंगठा घेतला असेल, तर तो कागद काही सिद्ध करत नाही. तो मालकावरच उलटतो. कोऱ्या कागदावरच्या सहीबद्दल बोलायलाच नको.

कोणाला, किती वेळात

मृत्यू झाला किंवा जखम जिवावर बेतणारी असेल तर ताबडतोब फोन करायचा: कारखाना निरीक्षकाला, संचालनालयाच्या मुख्य अधिकाऱ्याला, जवळच्या पोलीस ठाण्याला, जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांच्या कार्यालयाला आणि जखमीच्या घरी. नियम ११५च्या पद्धतीनुसार या फोनला १२ तासांच्या आत विहित नमुन्यात लेखी पुष्टी द्यायची. फोन कोणी, किती वाजता, कोणाशी केला हे रजिस्टरमध्ये लिहा आणि त्याच मजकुराचा ईमेल लगेच पाठवा, म्हणजे वेळेचा पुरावा राहतो. रात्री दोन वाजता निरीक्षक फोन उचलत नाहीत म्हणून सकाळची वाट पाहायची नाही. न उचललेला फोनही नोंदवायचा आणि ईमेल तेव्हाच पाठवायचा.

घरच्यांना शेवटी कळवण्याची पद्धत वाईट आहे. गावाकडे बातमी सहकाऱ्याच्या मोबाइलवरून पोचलेली असते आणि कंपनीचा फोन चार तासांनी जातो. पुढचा सगळा संवाद त्या चार तासांमुळे बिघडतो.

जीवघेणी नसलेली, पण ४८ तासांची रेषा ओलांडणारी जखम असेल, तर ४८ तास भरल्यापासून २४ तासांत नमुना जायला हवा. वरच्या उदाहरणात गुरुवारी सकाळी ११.१० ही शेवटची वेळ. प्रत्यक्षात इतके थांबू नये. दोन पेरे गेलेला माणूस दोन दिवसांत कामावर येणार नाही हे पहिल्या तासातच कळते, मग सूचना त्याच दिवशी का जाऊ नये?

जखमी नंतर दगावला, अगदी तीन आठवड्यांनी रुग्णालयात, तरी ती नवी सूचना आहे. आधी 'गंभीर जखम' म्हणून कळवले होते, आता काय, असे समजून ही सूचना गाळली जाते.

रुग्णालय मशीनच्या जखमेची नोंद एमएलसी (मेडिको-लीगल केस) म्हणून करते आणि पोलिसांना कळवते. म्हणजे पोलिसांपर्यंत बातमी जाणारच आहे. भारतीय न्याय संहितेत यंत्राबाबतच्या निष्काळजीपणासाठी कलम २८९ आहे, मृत्यू झाल्यास कलम १०६. रुग्णालयात सोबत गेलेल्या माणसाने 'घरी दारात बोट सापडले' असे सांगितले तर तीच पहिली नोंद ठरते. पुढे ईएसआयचा दावा, कामगाराची भरपाई आणि कंपनीची विश्वासार्हता, सगळे त्या एका वाक्याशी झगडत बसते. सोबत जाणाऱ्याला निघण्याआधीच बजावा: जे घडले तेच सांगायचे, कारणाबद्दल अंदाज बांधायचा नाही.

विजेचा धक्का असेल तर विद्युत निरीक्षकाला वेगळी सूचना लागते (विद्युत अधिनियम २००३, कलम १६१). 'डिश'ला कळवले की झाले, असे नसते.

ईएसआय: वेगळा कागद, वेगळे घड्याळ

इथे ४८ तासांचा संबंध नाही. कामावरची कोणतीही जखम अपघात वहीत, म्हणजे नमुना ११मध्ये, नोंदवायची. मालकाचा अपघात अहवाल नमुना १२मध्ये, आता महामंडळाच्या पोर्टलवरून, भरायचा. मृत्यू, कायमचे अपंगत्व किंवा अवयव जाण्याची शक्यता असेल तर ताबडतोब, इतर वेळी माहिती मिळाल्यापासून २४ तासांत. फोरमनला कळले म्हणजे मालकाला कळले असे धरतात. फोरमनने दोन दिवस चिठ्ठी खिशात ठेवली तर तो उशीर मालकाचा.

तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के असतो आणि कामावरच्या अपघाताला वर्गणीच्या किमान दिवसांची अट नाही. पहिल्याच दिवशी बोट गेलेल्या माणसालाही तो मिळतो. मग अडते कुठे? नोंदणीत. ठेकेदाराने माणूस पंधरा दिवस बिननोंदणीचा राबवलेला असतो आणि विमा क्रमांक अपघातानंतर दोन तासांनी काढलेला असतो. पोर्टलवर नोंदणीची वेळ दिसते. शाखा कार्यालय मग हजेरीपट, वेतनपत्रक, गेट रजिस्टर सगळे मागते, प्रकरण महिनोन्महिने लोंबकळते आणि त्या काळात कामगाराच्या घरात पैसा येत नाही. ठेकेदाराच्या माणसासाठीही मूळ नियोक्ता जबाबदार असतो. म्हणून गेटपास देतानाच विमा क्रमांक पाहण्याची पद्धत ठेवा. क्रमांक नाही तर पास नाही.

ईएसआयबाहेरच्या कामगाराच्या मृत्यूची किंवा गंभीर जखमेची माहिती भरपाईच्या अधिकाऱ्याला सात दिवसांत वेगळी द्यावी लागते. पूर्वी हे १९२३च्या कायद्यात होते, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहे.

वर्णनाचा रकाना

नमुन्यातले बाकीचे रकाने कारकून भरू शकतो: परवाना क्रमांक, जखमीचे नाव, वय, पाळी, वेतन, कामाला लागल्याची तारीख. 'अपघात कसा झाला' हा रकाना मात्र मशीन समजणाऱ्यानेच लिहावा. त्यात बहुतेक वेळा असे वाक्य येते:

"प्रेसवर काम करताना कामगाराच्या निष्काळजीपणामुळे उजव्या हातास दुखापत झाली."

या वाक्यातून निरीक्षकाला मशीन, हालचाल, गार्ड, जखम यांतले काहीच कळत नाही. एवढेच कळते की कंपनीने विचार न करता दोष ठरवला. हाच प्रसंग असा लिहावा:

"सकाळी ११.१०, पहिली पाळी. ६३ टनी सी-फ्रेम मेकॅनिकल पॉवर प्रेस, रोलिंग-की क्लच, पायाचे पेडल, सिलेक्टर 'सिंगल'वर. ब्रॅकेटचे फॉर्मिंग, दुसरे ऑपरेशन. ऑपरेटर तयार नग उजव्या हाताने डायमधून काढत असता रॅम दुसऱ्यांदा खाली आला. पेडल पुन्हा दाबले नव्हते असे ऑपरेटर सांगतो. शेजारच्या हेल्परने पेडल पाहिले नव्हते. उजव्या तर्जनीचे टोकाकडचे एक पेर आणि मधल्या बोटाचे टोक (हाड शाबूत) तुटले. सेटिंगनंतर पुढचा स्थिर गार्ड बसवलेला नव्हता. नग काढायचा चिमटा मशीनवर नव्हता. नंतरच्या तपासणीत क्लचच्या की-ची स्प्रिंग तुटलेली आढळली."

यात पाहिलेले, सांगितलेले आणि तपासात आढळलेले वेगवेगळे ठेवले आहे. सगळ्या सूचनांमध्ये हेच वर्णन शब्दशः जावे. 'डिश'कडे गार्ड नव्हता, ईएसआयकडे गार्ड होता आणि पोलीस जबाबात गार्ड 'तात्पुरता काढला' होता, अशी तीन रूपे दिसली की कोणावरच विश्वास बसत नाही.

पेरांची नोंद इतकी काटेकोर का, याला पैशाचेही कारण आहे. कायमच्या अपंगत्वाच्या तक्त्यात तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के घटली असे धरतात, दोन पेरे गेली तर ११, एक पेर ९ आणि हाड न जाता फक्त टोक गेले तर ५. मधल्या बोटाला हेच आकडे १२, ९, ७ आणि ४. 'बोटास दुखापत' असे लिहिलेल्या अहवालातून यातला कोणता आकडा लागायचा? डॉक्टरचे डिस्चार्ज कार्ड येताच पहिल्या सूचनेतला मोघम शब्द दुरुस्त करणारे पत्र पाठवा. पहिली सूचना घाईची असणारच, दुरुस्ती पाठवण्यात कमीपणा नाही.

कारण लिहिताना मशीनची जात ओळखा. क्लच म्हणजे फ्लायव्हीलची गती रॅमला जोडणारा भाग. रोलिंग-की किंवा पिन क्लचच्या प्रेसमध्ये की (जोडणारी खुंटी) एकदा गुंतली की स्ट्रोक पूर्ण होईपर्यंत मध्ये थांबवता येत नाही. म्हणूनच अशा प्रेसवर लाइट कर्टन (हात आडवा येताच मशीनला थांबण्याचा सिग्नल देणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावून उपयोग नसतो: हात आडवा येतो, सिग्नल जातो, तरी रॅम खाली येतच राहतो. अपघातानंतरच्या उपाययोजनेत 'लाइट कर्टन बसवणार' असे लिहून देणाऱ्या कंपन्या आहेत. मशीनची माहिती असलेला निरीक्षक ते वाक्य वाचून पुढचे वाचत नाही. इथे उपाय डायभोवतीचा बंदिस्त स्थिर गार्ड, हात आत जाऊच नये अशी नग भरण्या-काढण्याची सोय, आणि की, स्प्रिंग व ब्रेक लायनिंग ठरावीक काळाने बदलण्याचे वेळापत्रक. घर्षण क्लचच्या न्यूमॅटिक प्रेसवर कर्टन चालतो, पण रॅम थांबायला लागणारा वेळ मोजून त्यानुसार कर्टनचे डायपासूनचे अंतर ठरवावे लागते. ब्रेक झिजला की तो वेळ वाढतो आणि बसवताना बरोबर असलेले अंतर अपुरे पडते.

जखम नाही, तरी कळवायचे

क्रेन किंवा होइस्ट कोसळला, दाबाखालचे भांडे फुटले, आग किंवा स्फोटाने खोलीचे नुकसान झाले, छत वा मजला खचला, तर कुणाला ओरखडाही न येता ती 'धोकादायक घटना' असते आणि तिची सूचना ताबडतोब द्यायची असते (संहितेचे कलम ११). साखळी तुटून दोन टनी डाय जमिनीवर पडला आणि पाळी जेवायला गेलेली होती, तर लोक 'वाचलो' म्हणून विषय संपवतात. तो संपत नाही.

निरीक्षक आल्यावर आणि नंतर

टेबलावर ठेवायचे कागद: सूचनेची पोच, हजेरीपट, कामगाराच्या प्रशिक्षणाची सहीनिशी नोंद, त्या प्रेसच्या देखभालीचे रजिस्टर, मागच्या तपासणीचे शेरे, फोटो, जबाब, ठेकेदाराचा करार. देखभालीच्या रजिस्टरमध्ये अपघातानंतर मागच्या तारखांच्या नोंदी भरू नका. एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच दाबाने लिहिलेल्या सहा महिन्यांच्या नोंदी लांबून ओळखू येतात. नोंद नसेल तर नाही असे सांगा.

नव्या संहितेच्या कलम १०३नुसार, कर्तव्य न पाळल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. गंभीर शारीरिक इजेला एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड, किंवा दोन्ही. दंडातली किमान निम्मी रक्कम जखमीला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

मशीन पुन्हा सुरू करण्याआधी निरीक्षकाची पाहणी झाली असेल तर तिची तारीख, किंवा ते येणार नसतील तर तसे कळवल्याचा ईमेल फाइलला लावा. दुरुस्तीत काढलेली तुटकी स्प्रिंग, झिजलेली की, जुने लायनिंग भंगारात देऊ नका. मशीन क्रमांकाचे लेबल लावून पिशवीत बंद ठेवा, प्रकरण मिटेपर्यंत. चाचणीचे स्ट्रोक सेटरने गार्ड बसवून, रिकाम्या डायवर काढावेत आणि किती काढले, दुहेरी स्ट्रोक आला का, हे सहीनिशी लिहावे. त्याच बनावटीचे क्लच असलेल्या बाकी प्रेस त्याच आठवड्यात उघडा. एका मशीनची स्प्रिंग तुटली तेव्हा एकाच खरेदीतल्या बाकीच्याही तितकेच स्ट्रोक खाऊन बसलेल्या असतात.

जखमी कामावर परतला की अपघाताच्या रजिस्टरमध्ये परत येण्याची तारीख, एकूण वाया गेलेले दिवस आणि तो कोणत्या कामावर परतला हे भरा. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवण्याची सवय आहे, आणि वार्षिक विवरणपत्र भरताना मग वाया गेलेल्या दिवसांचा आकडा कुठून तरी अंदाजाने आणावा लागतो.